मंगळवारचा राखाडी चौकोन

४ मार्च, सोमवार

डॉक्टरांनी सांगितलंय, रोज चार ओळी लिहीत जा, मन मोकळं होतं. गेले कित्येक महिने लिहिण्यासारखं एवढंच घडत होतं की सकाळी जाग यायची आणि मी उठायचो नाही. बस कंपनी बंद पडली, आणि तिचं वेळापत्रक करणारा मीही तिच्याबरोबर बंद पडलो. ते काय रोज लिहायचं?

पण आज लिहायला कारण आहे. मला काम मिळालं. दिलं कुणी, तर हिने, म्हणजे माझ्या बायकोनेच. ही फिजिओथेरपिस्ट आहे. हिचे तीन दवाखाने आहेत. बाजारातला मोठा, एक तलावाजवळ, एक मैदानाजवळ. तिन्हीकडे तीन वह्या, आणि या वहीतलं त्या वहीला ठाऊक नाही. परवा एका आजोबांना गुडघ्यासाठी तलावाजवळ बोलावलं, आणि ही त्याच वेळी मैदानाजवळ कुणाच्या तरी पाठीवर. आजोबा दुखऱ्या गुडघ्याने तिन्ही दवाखाने फिरले आणि शेवटी चिडून बरे झाले.

"अहो," ही म्हणाली, "इतकी वर्षं गाड्या वेळेवर सोडल्यात. आता माणसं सोडा. तिन्हीकडे एकच कॅलेंडर दिसेल असं काहीतरी करा."

हे इतकं हळू म्हणाली की मला दोनदा "काय?" करावं लागलं. हल्ली माझ्याशी अशीच बोलते, ओठांतल्या ओठांत, चेहऱ्यावरची रेषही न हलवता. माझा कंटाळा आलाय तिला. घरात लोळत पडलेल्या नवऱ्याचा कुणाला येणार नाही? काम दयेपोटी दिलं असेल. दिलं तर दिलं. मी घेतलं.

६ मार्च, बुधवार

मोठ्या दवाखान्यात काउंटरच्या मागे एक खोली आहे. मेण वितळवायचं यंत्र, शेकायच्या पिशव्या आणि आता मी. खोलीत सतत उकडतं. कॉम्प्युटरवर आपली भाषा निवडली आणि कामाला लागलो.

प्रत्येक डॉक्टरला एक कॅलेंडर, प्रत्येक कॅलेंडरला एक रंग. हिला निळा. हिच्या हाताखालची धाकटी डॉक्टर, तिला हिरवा. मैदानाजवळ बसणारा, ज्याला सगळे पैलवान म्हणतात (अंगात हाडांपलीकडे काही नाही), त्याला नारिंगी. तिघांचे रंग एकाच पानावर शेजारी शेजारी लागले तेव्हा खरं सांगतो, मला बरं वाटलं. जुन्या ऑफिसातला भिंतीवरचा तक्ता आठवला. कुठली गाडी कुठे आहे ते एका नजरेत कळायचं.

दर सोमवारची मीटिंगही टाकून दिली. एकदा टाकली की दर आठवड्याला आपोआप येते. कॅलेंडरने विचारलं, "समाप्ती?" आणि त्यानेच उत्तर आधी निवडून ठेवलं होतं, "कधीच नाही". मी मोठ्याने हसलो. म्हटलं, या यंत्राने मीटिंगा पाहिलेल्या दिसतात. काउंटरवरच्या अक्का डोकावून गेल्या. साहेब एकटेच हसतात, हे आता तिन्ही शाखांत पोचलं असेल.

घरी येऊन हिला सांगितलं. हसली नाही. नुसती बघत राहिली. विनोद इतका वाईट नव्हता.

८ मार्च, शुक्रवार

आज माझ्या हातून घाण झाली. तलावाजवळच्या एका बाईंची वेळ अर्ध्या तासाने पुढे करायची होती. कॅलेंडर म्हणालं, "फक्त ही नोंद की सगळ्या?" मला वाटलं, त्यांच्या सगळ्या. तर त्याने तिथल्या सगळ्यांच्या सगळ्या वेळा पुढे ढकलल्या आणि वर प्रत्येकाला तसा निरोपही पाठवला. सकाळभर फोन वाजत होता. अक्कांनी माझ्याकडे बघत रिसीव्हर बाजूला काढून ठेवला.

कॅलेंडरवाल्यांच्या मदत केंद्राला फोन लावला. तिथल्या बाई फार गोड बोलल्या. झालेलं परत फिरवता येत नाही, असंही गोडच सांगितलं. मग सगळ्या वेळा मी एकेक करून जागेवर आणून बसवल्या. नाकी नऊ आले.

अक्का अजूनही आधी वहीत लिहितात आणि मग "तुमच्या त्या ह्याच्यात" लिहितात. मी म्हटलं, "अक्का, वही बंद करा आता." त्या म्हणाल्या, "साहेब, वहीने अजून कुणाला आपणहून निरोप दिलेला नाही." मी निमूटपणे खोलीत जाऊन बसलो.

१२ मार्च, मंगळवार

निळ्या रकान्यात एक राखाडी चौकोन आहे. मंगळवारी सकाळभर. त्यात एकच शब्द, "व्यस्त". नाव नाही, शाखा नाही, पेशंट नाही. पुढच्या मंगळवारीही आहे, त्याच्या पुढच्याही.

अक्कांना विचारलं. "ते तसंच असतं," म्हणाल्या. धाकटीला विचारलं, तर तिला एकदम शेकायच्या पिशव्या मोजायच्या होत्या. ही तेव्हा दवाखान्यात नव्हतीच. दुपारी आली, तेव्हा हिला विचारलं. ही म्हणाली, "राहू द्या ते." निदान मला तसं ऐकू आलं.

मदत केंद्राच्या बाईंचं म्हणणं, कुठल्या तरी जुन्या खासगी कॅलेंडरचं हे सावट असावं. ते कॅलेंडर जोडलेलं असेल तर तपशील न दाखवता फक्त "व्यस्त" दाखवतं. म्हणजे कचराच. उरलेला.

घरी हिने चहा आणून दिला, अर्धा कप. गेले काही दिवस अर्धाच देते. काटकसर करायची तर माझ्याच कपापासून सुरुवात. बरणीचं झाकणही आता मला उघडायला लावते. पूर्वी मला हात लावू द्यायची नाही, म्हणायची, माझ्या बोटांत तुमच्यापेक्षा जास्त जोर आहे. बहुतेक मला कामाला लावायचं ठरवलंय, घरी आणि दारी.

१४ मार्च, गुरुवार

मंगळवारचा सोक्षमोक्ष लावला. सगळ्या कॅलेंडरांचा चालक मी आहे, तसे अधिकार माझ्याकडे आहेत. ते खासगी जोडकाम तोडून टाकलं. चौकोन नाहीसा झाला. निळ्या रकान्यात सकाळ स्वच्छ, मोकळी.

तिकडे हिच्याचकडे यायचंय म्हणून लोक तीन-तीन आठवडे थांबलेत आणि इकडे सकाळ रिकामी! डेपोत उभी गाडी मला कधी बघवली नाही. चार पेशंटांना निरोप गेले. एक शिक्षक, त्यांचा खांदा. एक बाई, मान. तासाभरात सगळ्यांचे होकार आले. किती तरी महिन्यांनी मी काहीतरी नीट केलं. रात्री जेवताना दोनदा वाढून घेतलं.

१९ मार्च, मंगळवार

चौघंही आले. मी काचेतून बघत होतो. ही सकाळी नेहमीसारखी पर्स घेऊन निघायच्या बेतात आली, काउंटरसमोर बसलेल्या चौघांकडे पाहिलं, अक्कांकडे पाहिलं, आणि पर्स परत कपाटात ठेवली. मला एका शब्दाने बोलली नाही. शाबासकी नाही, राग नाही. चेहरा नुसता कोरा. राग तरी करावा माणसाने, म्हणजे आपण आहोत एवढं कळतं.

आणि एक सांगायचं राहिलं. ही पेशंट तपासते, पण दाबायचं, ओढायचं, उचलायचं काम धाकटीला बोलावून करवते. खांद्याच्या शिक्षकांनी तोंडावर म्हटलं, "मॅडम, तुमच्या हाताला गुण आहे म्हणून थांबलो होतो हो." ही म्हणाली, "हिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे आता." मालकीण झाली की असं होत असावं.

संध्याकाळी येऊन झोपली. फ्रिजवर चिठ्ठी. "जेवून घ्या". अक्षर इतकं बारीक की मुंगीच्या पायाने लिहावं. शेवटचा शब्द तर चष्मा चढवून वाचला. पूर्वी हिचं अक्षर कसं टपोरं होतं. बोलणं कमी झालं, तसं लिहिणंही कमी करायचं ठरवलेलं दिसतंय.

२१ मार्च, गुरुवार

राखाडी चौकोन परत आला! पुढच्या मंगळवारी. या वेळी हाताने टाकलेला. मी काढला. दुपारी पुन्हा हजर. पुन्हा काढला.

बाहेर जाऊन बघतो तो अक्का. पकडल्या गेल्या तरी डोळे खाली नाहीत. "साहेब, मंगळवारला हात लावू नका."

"का पण?"

"मॅडमना विचारा."

"मॅडमना विचारलं. त्या म्हणतात, राहू द्या."

"मग राहू द्या ना!"

हे काय उत्तर झालं? मी म्हटलं, अक्का, एकाने भरायचं आणि दुसऱ्याने पुसायचं असं केलं तर पुन्हा त्या आजोबांसारखी माणसं गावभर फिरतील. त्यांचा मंगळवार बदलायचा अधिकार काढून घेतला. धाकटीचाही काढला. अपॉइंटमेंटबद्दलचा कुठलाही फोन आला तर थेट माझ्याकडे द्यायचा, असंही सांगून टाकलं. मग चार नवे पेशंट घातले.

आवाज चढला होता माझा. नंतर वाईट वाटलं.

२४ मार्च, रविवार

लेकीचा फोन आला. ती लांब असते, दर रविवारी बोलते. जरा इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "बाबा, आई या मंगळवारी गेली होती का?"

"कुठे?"

ती घाईने म्हणाली, "काही नाही. सहज. आईला दे."

ही फोन घेऊन गॅलरीत गेली आणि दार ओढून घेतलं. काचेतून दिसत होती. एक हात फोनला, दुसरा नुसता लोंबत ठेवलेला. पूर्वी ही फोनवर बोलताना हातवारे करायची, मी चेष्टा करायचो की समोरच्याला दिसत नाही गं.

इथे कुणी वाचणार नाही, म्हणून लिहून टाकतो. माझ्या मनात पाल चुकचुकते आहे. दर मंगळवारी ही कुठेतरी जायची. लेकीला माहीत आहे, अक्कांना माहीत आहे, धाकटीला माहीत आहे, मलाच सांगण्यासारखं नाही. मग ते काय असू शकतं? वकील असेल. नाहीतर वेगळं घर बघत असेल. हसत नाही, नीट बोलत नाही, चालताना पूर्वीसारखा हात धरत नाही. मी हिच्या जागी असतो तर केव्हाच निघून गेलो असतो. पलंगाला चिकटलेला माणूस किती दिवस सांभाळायचा?

विचारायचं धाडस नाही. विचारलं आणि तिने "हो" म्हटलं तर?

म्हणजे मंगळवार भरलेला आहे तेच बरं. पेशंट समोर बसलेले असले की ती उठून जायची नाही. तिचा स्वभाव मला माहीत आहे. हे चांगलं नाही, कळतंय मला. पण कॅलेंडरशिवाय माझ्या हातात दुसरं आहे काय?

२७ मार्च, बुधवार

काल लिहिता आलं नाही. आज क्रमाने लिहितो.

काल सकाळी तिसरा पेशंट एक धिप्पाड गृहस्थ होते, कमरेचं ऑपरेशन झालेले. त्यांना खाटेवरून उभं करायचं होतं. धाकटी दुसऱ्या खोलीत अडकलेली, कारण तिचाही रकाना मीच गच्च भरला होता. हिने एकटीने त्यांना आधार दिला आणि हिची पकड सुटली. ते कलले. धाकटी आवाज ऐकून धावली आणि दोघींनी मिळून त्यांना परत खाटेवर बसवलं. लागलं नाही कुणाला. ही स्टुलावर बसली आणि उजवा हात डाव्या हाताने धरून ठेवला. धरलेला हात हलत होता. मी म्हटलं, "सकाळपासून काही खाल्लं नाहीस ना? तरी मी सांगत असतो."

धाकटीने माझ्याकडे असं पाहिलं की मी खोलीत परत गेलो.

तेवढ्यात फोन आला. अपॉइंटमेंटचा, म्हणून अक्कांनी माझ्याकडे दिला. देताना म्हणाल्या, "तुम्हीच म्हणाला होतात, थेट तुमच्याकडे." पलीकडे मोठ्या रुग्णालयातल्या एक बाई. हिचं नाव घेऊन म्हणाल्या, "मंगळवारच्या गटातून यांचं नाव कमी करावं लागतंय, एवढं कळवायचं होतं."

मी म्हटलं, "तिथे शिकवायला येतात का त्या?"

"नाही हो. पेशंट आहेत त्या. कंपवाताचा, पार्किन्सन्सचा गट आहे हा. हाताचा, आवाजाचा, चेहऱ्याचा व्यायाम असतो आणि डॉक्टर गोळ्यांचं प्रमाण ठरवतात. लागोपाठ दोनदा गैरहजर राहिलं की आम्ही जागा पुढच्या पेशंटला देतो. तसा नियम आहे."

मी म्हटलं, चूक माझी आहे, ती यायला तयार होती, मीच...

"समजलं मला," त्या म्हणाल्या. वाईट नव्हत्या त्या. "पण जागा गेली आता. लोक थांबलेले असतात हो, रिकामी जागा आम्हाला ठेवताच येत नाही. आता जूनमध्ये नवा गट सुरू होईल. तोवर आहे ती गोळी चालू ठेवा."

माझीच वाक्यं मला परत मिळत होती. मी "बरं" म्हणालो. आभारही मानले.

मग उठून हिच्याकडे गेलो. ही अजून स्टुलावरच होती. समोर उभा राहिलो. ही म्हणाली, "कळलं वाटतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"कधी सांगायचं होतं? सुरू झालं तेव्हा तुम्ही पलंगावरून उठत नव्हता. दात घासायला उठवायला लागायचं तुम्हाला. त्यात हे कुठे घालू?"

"पण नंतर? मी तुझे मंगळवार भरत होतो तेव्हा? दोन मंगळवार गेले गं!"

"मी म्हणाले ना, राहू द्या ते."

"मला वाटलं, तो कचरा राहू द्या. नीट जोरात सांगायचंस..."

"जोरातच म्हणाले होते," ही म्हणाली. "माझ्या मते."

मी खाली बसलो, फरशीवर, हिच्या पायाशी. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

ही म्हणाली, "आणि तुम्ही त्या रंगांमध्ये इतके रमला होता. सकाळी स्वतःहून उठून आंघोळ करून निघत होता. मला वाटलं, आणखी थोडे दिवस जाऊ देत. एक मंगळवार बुडला तर बुडला. दुसऱ्या मंगळवारी माणसं दारात येऊन बसलेली. त्या गृहस्थांना तसंच परत पाठवायचं का?"

मग मी सांगून टाकलं. वकिलाचं, वेगळ्या घराचं, सगळं. म्हटलं, मला वाटलं तू मला कंटाळलीस. हसत नाहीस, चेहऱ्यावर काही दिसत नाही, मी विनोद केला तरी नुसती बघत राहतेस.

ही माझ्याकडे बघत होती. त्याच कोऱ्या चेहऱ्याने.

"अहो, मी हसतेच आहे," ही म्हणाली. "आताही हसतेय. दिसत नाही, एवढंच."

३० मार्च, शनिवार

रुग्णालयात रोज फोन करतो. कुणी गळालं का, कुणाची जागा मोकळी झाली का. त्याच बाई उचलतात, माझा आवाज ओळखतात. "थांबणाऱ्यांच्या यादीत नाव आहे तुमचं," म्हणतात. मी तीन आठवडे थांबलेल्या लोकांना किती सहज निरोप पाठवायचो. निरोपाखाली एक हसरा चेहराही टाकायचो.

लेकीला फोन केला. ती रडली, मग माझ्यावर ओरडली, मग म्हणाली, "बाबा, तू परत झोपून राहू नकोस फक्त." नाही म्हटलं. शब्द दिलाय, पाळता येईल की नाही माहीत नाही.

अक्कांना अधिकार परत दिले आणि माफी मागितली. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या साहेब. आम्हीही बोलायला हवं होतं. पण मॅडमनी शपथ घातली होती." आज त्यांनी आधी कॅलेंडरमध्ये लिहिलं आणि मग वहीत. माझ्यावर उपकार म्हणून.

घरी बरण्यांची सगळी झाकणं सैल करून ठेवली. हिने बघितलं आणि एक घट्ट केलं. "एवढ्यात नको," म्हणाली. उघडायला तिला बराच वेळ लागला. मी ओट्याशी हात बांधून उभा राहिलो. मदत न करण्याइतकं अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही.

२ एप्रिल, मंगळवार

आज सकाळी निळा रकाना मोकळा होता. ही घरीच होती. रुग्णालयात करायचे ते व्यायाम हिला अर्थातच पाठ आहेत, इतक्या वर्षांत शेकडो लोकांकडून करून घेतलेत. मी समोर बसून आकडे मोजले. मोठी पावलं टाक, हात हलव, जोरात बोल. "जोरात!" मी म्हणायचो. ही म्हणायची, "जोरातच बोलतेय." मग मी पुढचा आकडा मोजायचो.

दुपारी दवाखान्यात आलो. ही येऊन माझ्या मागे उभी राहिली. म्हटलं, जूनची नोंद करून टाकू, म्हणजे पुन्हा कुणी भरणार नाही. कुणी म्हणजे मीच. नवा गट चार जूनला सुरू होतो, मंगळवारीच. राखाडी रंग घेतला. माझंही एक कॅलेंडर उघडलं, आजवर नव्हतंच, आणि दोघांच्याही रकान्यात तोच चौकोन घातला. नाव काय द्यायचं विचारलं तर ही म्हणाली, "व्यस्तच असू द्या."

दर मंगळवारी, असं निवडलं. मग त्याने विचारलं, "समाप्ती?"

मी थांबलो. तारीख घालायला एक जागा होती. त्यात कुठलीतरी तारीख टाकावी असं फार वाटलं. या वर्षाची नाही तर पुढची, कुठलीही. बोट त्या जागेवर नेऊन ठेवलं.

"काय अडलं?" हिने विचारलं. या वेळी मला नीट ऐकू आलं.

"विचारतंय, कधी संपणार."

ही वाकली आणि माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं. हिचा हात माझ्या खांद्यावर होता आणि हलत होता, आणि तो माझ्या खांद्यावर आहे याचंच मला बरं वाटत होतं.

"त्याने आधीच निवडून ठेवलंय की," ही म्हणाली. "करा जतन."

मी जतन केलं. ही पेशंटकडे गेली. मी एकटाच एकेक महिना पुढे सरकवत बसलो. जून, जुलै, ऑगस्ट. दर मंगळवारी दोन चौकोन, शेजारी शेजारी. वर्ष संपलं, पुढचं लागलं. तिथेही होते. त्याच्या पुढच्या वर्षीही होते. मग मी पुढे सरकवायचं थांबवलं.